गिधाडांचा ऱ्हास आणि आपले उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासिला आहे. प्रकृती, आहार, वय भिन्न असूनही असंख्य माणसे एकाच वेळी व्याधिग्रस्त का होतात, या प्रश्नाचे उत्तर देताना भगवान आत्रेयांनी वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीकडे आणि तिच्या मुळाशी असलेल्या प्रज्ञापराधाकडे बोट दाखविले. या सिद्धांताचा प्रत्यय देणारी एक घटना अलीकडे आपल्याच देशात घडली. तिचा उगम औषधाच्या कुपीत असल्याने ती आम्ही येथे मांडीत आहोत.

पूर्वी गावाबाहेर टाकलेल्या मृत जनावराचा गिधाडे पाहता पाहता फडशा पाडीत. १९९० च्या दशकात ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली कारण उजेडात आले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसावाटे गिधाडांच्या शरीरात जाई व मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत.

सफाई करणारे पक्षी गेले आणि मृत जनावरे कुजत पडू लागली. पाणी दूषित होण्याचा धोका वाढला, भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले आणि त्यासोबत अलर्काचे, म्हणजेच रेबीजचे, भय वाढले. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जेथे पूर्वी गिधाडे विपुल होती त्या जिल्ह्यांत मानवी मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळातील अतिरिक्त मृत्यूंचा त्यांचा अंदाज सुमारे ५ लाख आहे.

शासनाने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ साली इंजेक्शनची कुपी एका मात्रेपुरती, ३ मिलीची करण्यात आली. २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्याही पशुवैद्यकीय वापरास मनाई झाली.

औषधविक्रेते बंधू-भगिनींना आमची विनंती आहे, की गुरांसाठी कोणी डायक्लोफेनॅक मागितल्यास नम्रपणे नकार द्यावा व पशुवैद्यकाकडे पाठवावे. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे.

वैद्यवर्गासही एक सांगणे आहे. श्वानदंशाचा रुग्ण आल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, तीत मिरची, चुना वा अन्य लेप भरू देऊ नये आणि रुग्णास त्याच दिवशी प्रतिबंधक लसीसाठी रुग्णालयात धाडावे. लक्षणे प्रकट झाल्यावर हा व्याधी जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. येथे आपल्या औषधींवर विसंबून वेळ दवडणे हाही प्रज्ञापराधच होय.

दिलेल्या औषधाचा प्रवास रोग्याच्या देहाशी संपत नाही, हे भान आपण सर्वांनी ठेवावे, एवढीच प्रार्थना.