एक सभासद, एक मत : भगिनींच्या भागीदारीचा पाया

वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात कवठा झोपडी नावाचे खेडे आहे. या परिसरातील बचत गटांच्या सुमारे दोनशे भगिनी एकत्र आल्या आणि त्यांनी सौर ऊर्जेचे पॅनेल तयार करणारा कारखाना उभा केला. ‘तेजस्वी सोलर एनर्जी महिला औद्योगिक सहकारी संस्था’ असे त्यांच्या संस्थेचे नाव. ‘उमेद’ अभियानाचा आधार त्यांना मिळाला, मुंबईच्या आयआयटीचे तांत्रिक मार्गदर्शन मिळाले. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी भगिनींनी असाच कारखाना आधी उभारला होता. तोच कित्ता वर्ध्याच्या लेकीसुनांनी गिरविला.

पापड-लोणच्यापुरतेच बायांचे उद्योग, असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. पण आपण कौतुक करून थांबू नये. त्यांच्या संस्थेच्या नावातील ‘सहकारी’ हा शब्द नीट वाचावा. भागीदारीचा धंदा टिकतो की मोडतो, ते त्या शब्दापाशी ठरते.

चार मैत्रिणी मिळून तिखट-हळदीची चक्की टाकतात. पहिल्या वर्षी सारे गोडीगुलाबीने चालते. पुढे हिशेब एकीच्याच डोक्यात राहतो, कर्जाच्या कागदावर दुसरीची सही असते, आणि एक दिवस बँकेचा माणूस त्या सही करणारीच्या दारात येतो. चक्की जाते, मैत्री जाते, घरात बोलणी खावी लागतात ती निराळीच. दोष कुणाच्या स्वभावाचा नसतो. कागद झालेला नसतो, हा खरा दोष.

म्हणून कायदा समजून घ्यावा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदारी संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असते. एकीने धंद्यासाठी केलेले कर्ज दुसरीच्या घरादारापर्यंत पोहोचू शकते. भागीदारी नोंदविलेली नसेल, तर कराराचा हक्क मागायला कोर्टात दावाही लावता येत नाही. सहकारी संस्थेचे तसे नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा जणी एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. मर्यादित जबाबदारीच्या संस्थेत सभासदाची जोखीम तिच्या भागापुरती असते. दरवर्षी हिशेबतपासणी होते. आणि कुणाचे भाग दहा असोत की एक, मत एकच.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात आपण एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व मान्य करू, पण सामाजिक व आर्थिक जीवनात ते नाकारीत राहू. हा अंतर्विरोध लवकर दूर करा, असे त्यांनी बजावले. सहकारी संस्थेच्या सभेत मजुरी करणारी बाई हात वर करते आणि तिचे मत मास्तरणीच्या मताइतकेच मोजले जाते, तेव्हा तो अंतर्विरोध तेवढ्यापुरता मिटतो.

नफ्याचे काय करावे, हे भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाच्या मुलाला सांगून ठेवले आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात, चौथा भाग संकटकाळासाठी. आपल्या सहकार कायद्यानेही निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायला सांगितले आहे! म्हणजे सणासुदीला सारा नफा वाटून घेणारा गट धम्माचेही ऐकत नाही आणि कायद्याचेही नाही. मशीन बिघडले, पावसाने माल भिजला, की त्या गटाला सावकाराचे दार दिसते.

एकी कशी राखावी, तेही तथागतांनी वज्जींविषयी बोलताना सांगितले. वारंवार एकत्र जमावे, एकीने बसावे, एकीने उठावे, ठरलेले नियम मोडू नयेत. तोपर्यंत ऱ्हास होत नाही. धंद्यात याचा अर्थ सोपा आहे. महिन्याची बैठक चुकवू नये. हिशेबाची वही बैठकीत मोठ्याने वाचावी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बहिणीलाही कळेल. बँकेच्या खात्यावर दोघींच्या सह्या असाव्यात. कुणी किती पैसे घातले, कोण किती काम करणार, एखादीला बाहेर पडायचे झाल्यास तिला काय मिळणार, हे गोडी असतानाच लिहून घ्यावे. भांडण झाल्यावर लिहायला कुणी बसत नाही.

धंदा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याच समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळकुंडे विकण्याऐवजी दळून, पुड्या बांधून विकणे एकटीला जड जाते. पण एकीची चक्की, दुसरीचे शिवणयंत्र पिशव्यांसाठी, तिसरीची बाजारातली ओळख, असे जुळले तर ते काम दहा घरांना पुरते.

भगिनींनो, पौर्णिमेला वंदनेसाठी आपण विहारात जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास आणखी बसा. दहा घरांतल्या दहा जणी मोजा, एक वही आणा, पहिल्या पानावर नियम लिहा. संघटित व्हा हा बाबासाहेबांचा आदेश आपल्या चुलीपर्यंत आणि कमाईपर्यंत आणणे आता आपल्याच हाती आहे.

जय भीम!