गाण्याची परीक्षा

“आमची मुलगी यंदा मध्यमा पूर्ण झाली, प्रथम श्रेणीत!” असे वाक्य मराठी घरांतून वरचेवर कानी येते. मग ते घर पुण्यातले असो, इंदुरातले असो की दिल्लीच्या एखाद्या सरकारी वसाहतीतले. सांगणाऱ्याच्या स्वरात अभिमान असतो. ऐकणारा मात्र क्षणभर घोटाळतो. कारण मध्यमा झाली म्हणजे नेमके काय झाले, तिला आता गाता येते असे समजावयाचे काय, हे त्याला उमगत नाही.

प्रथम पायऱ्या सांगतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक या पायरीने सुरू होतात. पुढे प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, नंतर विशारद आणि त्याच्याही वर अलंकार. विशारद ही सर्वसाधारणपणे संगीतातील पदवीच्या तोडीची मानतात. म्हणजे शाळेच्या वयात, महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी गाठावयाचे शिखर ते मध्यमा पूर्ण. नवव्या-दहाव्या वर्षी तंबोऱ्यापाशी बसलेले मूल दरवर्षी एक पायरी चढले, तर शालान्त परीक्षेच्या सुमारास ते तेथे पोहोचते. अन्य संस्थांच्या परीक्षांची नावे वेगळी आहेत. अलाहाबादेस 1926 साली स्थापन झालेल्या प्रयाग संगीत समितीची ‘प्रभाकर’ उत्तरेकडे अधिक परिचित आहे.

गाण्याची परीक्षा ही कल्पनाच आपल्याकडे नवी. गुरूच्या घरी राहावे, पाणी भरावे, वर्षानुवर्षे ऐकावे, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा एखादी चीज पदरात पडावी, अशी ती रीत होती. तीत शिष्याची परीक्षा रोजच होई. फक्त निकाल कधी लागत नसे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर याच रीतीने मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले. 1872 साली कुरुंदवाडास जन्मलेल्या या माणसाची दृष्टी लहानपणी शोभेच्या दारूच्या अपघाताने अधू झाली होती. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि 1901 च्या 5 मे रोजी थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, वेळापत्रक, छापील क्रमिक पुस्तके, स्वरलिपी, परीक्षा असा शाळेचा सारा संसार त्यांनी गाण्याभोवती उभारला. 1908 मध्ये विद्यालय मुंबईस आले. तेथे बांधलेली वास्तू पुढे कर्जापायी लिलावात गेली. 1931 साली मिरजेस बुवांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अहमदाबादेस मंडळाची स्थापना केली. वास्तू गेली, पण अभ्यासक्रम टिकला, आणि आज देशभर ज्या परीक्षा होतात त्या त्याच्याच वंशातल्या.

यात एक मोठी सामाजिक क्रांती झाली, तिची आपण पुरेशी दखल घेत नाही असे मला वाटते. घराण्यात जन्म न घेतलेल्या मुलाला, आणि विशेषेकरून मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला, संध्याकाळी पाच वाजता वही घेऊन गाणे शिकावयास जाता येऊ लागले. फी ठरलेली, राग ठरलेले, आणि वर्षाअखेरीस शिकवणाऱ्याहून निराळ्या माणसाकडून तपासणी. ज्या सरकारी सेवेत माझी हयात चालली आहे, ती सारी परीक्षेच्याच पायावर उभी; तेव्हा या व्यवस्थेविषयी मला थोडा पक्षपात असणार, हे आधीच कबूल करतो.

प्रत्यक्ष परीक्षेत काय होते? वरच्या पायऱ्यांना लेखी उत्तरपत्रिका असते, पण खरी कसोटी खोलीतल्या सतरंजीवर. समोर परीक्षक, बाजूला तबलजी. परीक्षक एक राग विलंबित ख्यालाने गावयास सांगतात. मध्येच थांबवून दुसऱ्या रागाची चीज मागतात. स्वतः चार स्वर गुणगुणून राग ओळखावयास सांगतात. मग हातावर ताल देऊन ठेका म्हणावयाचा, त्याची दुगुण करावयाची. झपतालाच्या दहा मात्रा असल्याने एका आवर्तनाची दुगुण सहाव्या मात्रेवर, म्हणजे नेमकी कालावर, सुरू होऊन समेवर येते, हे सोपे. रूपकाच्या मात्रा सात. तेथे दुगुण चौथ्या मात्रेच्या मध्यावर उचलावी लागते आणि भली भली मुले तेथे अडखळतात. पाठांतर केवढे आहे आणि लय अंगात किती भिनली आहे, हे त्या अर्ध्या मात्रेत कळून येते.

माझी कन्या या परीक्षेस बसली तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यात बसलो होतो. दार पुरते लागत नव्हते. परीक्षकांनी विचारले, “भूप आणि देशकार यांत फरक काय?” तिने घडघडा सांगितले: दोहोंचे पाच स्वर तेच, भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, रात्रीचा पहिला प्रहर, देशकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, सकाळचा, आणि त्याचा डौल उत्तरांगात. एक शब्द चुकला नाही. परीक्षक म्हणाले, “छान. आता गाऊन दाखवा, बेटा.”

भूप चांगला झाला. देशकारासही ती धैवतावर नीट उभी राहिली. पण दोन आलापांनंतर खाली उतरताना गंधारावर एवढी रेंगाळली, की सकाळची पाहता पाहता रात्र झाली. व्हरांड्यात मला ते कळले, म्हणजे आत परीक्षकांना कळलेच असणार. ते काही बोलले नाहीत. कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज तेवढा आला.

निकाल लागला. प्रथम श्रेणी मिळाली, विशेष योग्यता हुकली. घरी दोन दिवस सुतक पाळल्यासारखे वातावरण होते. त्यात माझा वाटा अधिक होता, हे सांगितले पाहिजे. आता महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना शालान्त परीक्षेत नियमानुसार अतिरिक्त गुण मिळतात. सोय चांगल्या हेतूने केलेली आहे. परंतु तिच्यामुळे कित्येक पालक नववीतल्या मुलाला घाईघाईने पायऱ्या चढवू पाहतात. मग ठरलेले आलाप, ठरलेल्या ताना वहीत लिहून दिल्या जातात. मूल त्या म्हणते, उत्तीर्ण होते, आणि दहावीनंतर तंबोऱ्याची गवसणी सुटत नाही. दोष परीक्षेचा म्हणावा, तर तिच्यावाचून या मुलांनी तंबोरा हाती धरलाच नसता, हेही खरे.

नोकरशाहीच्या सवयीने मी गुणपत्रक घेऊन कन्येच्या गुरुजींकडे गेलो आणि पुन्हा बसण्याची तरतूद आहे काय, असे विचारू लागलो. त्यांनी गुणपत्रक हाती घेतले नाही. “गंधारावर थांबली ना?” एवढेच त्यांनी मुलीकडे पाहून विचारले. तिने मान हलवली. मग ते मला म्हणाले, “साहेब, विशारदाचा फॉर्म यंदा भरू नका. आणि हिला संध्याकाळी पाठवू नका, सकाळी सातला पाठवा.”

त्या वर्षी तिने कोणतीही परीक्षा दिली नाही. पहिले दोन महिने सकाळी सात वाजता केवळ धैवत आणि तार षड्ज यांच्या अवतीभोवती फिरणे चालले होते. खाली पंचमापर्यंत यावयाची मुभा होती, गंधारास मनाई. तिसऱ्या महिन्यात गुरुजींनी एके दिवशी गंधार दिला.