मन वळविणे : दोन शब्द, दोन वाटा

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना 'कोक्स' हे क्रियापद भेटते. गोड बोलून मन वळविणे, मनधरणी करणे, असा त्याचा अर्थ. शब्द सौम्य वाटतो. मूळ मात्र तसे नाही. सोळाव्या शतकातील इंग्रजीत 'कोक्स' म्हणजे भोळा, सहज फसणारा मनुष्य. एखाद्याला 'कोक्स' करणे म्हणजे त्याला मूर्ख बनविणे. पुढे लाडीगोडी लावणे, चुचकारणे हे अर्थ आले. तरीही डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात त्याला हलक्या दर्जाचा शब्द ठरविले.

मन वळविण्यासाठी इंग्रजीत दुसरा शब्द आहे 'पर्स्वेड'. तो लॅटिन 'सुआदेरे' या क्रियापदापासून आला. 'सुआविस' म्हणजे गोड, हा त्याचाच सोयरा. आणि संस्कृतमधील 'स्वादु' हाही त्याच कुळातला. आम्ही माणसांची मने वळवितो, असे संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (५:११) म्हणतो. लॅटिन बायबलमध्ये तेथे हेच क्रियापद आहे.

पहिली वाट समोरच्याला भोळा समजते; दुसरी त्याला सत्याची चव स्वतः घेऊ देते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. सत्य हे सक्तीने नव्हे, तर स्वतःच्याच सामर्थ्याने, हळुवारपणे आणि तरीही बळकटपणे मनात उतरते, असे त्यात सांगितले आहे. श्रद्धेचा प्रसार करताना अयोग्य रीतीने मन वळविणे टाळावे, विशेषतः गरीब व अशिक्षित बांधवांच्या बाबतीत, असेही त्यात बजावले आहे.

नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात सेवा करणाऱ्यांनी हा इशारा मनावर कोरून ठेवावा. याच भूमीत, तळोदा तालुक्यातील मोरवड येथे, १९३७-३८ च्या सुमारास संत गुलाम महाराजांनी भिल्ल बांधवांना दारू सोडण्यास सांगितले. त्यांचे अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणत. ज्यांना इतरांकडून 'अरे-तुरे' ऐकण्याची सवय होती, त्यांना आधी मान मिळाला आणि मग उपदेश. ते ख्रिस्ती नव्हते. तरी आपण त्यांच्याकडून शिकावे असे हे आहे.

उपवासकाळात आपण व्यसनी शेजाऱ्याच्या वा मिस्साला न येणाऱ्या नातलगाच्या घरी जातो. आमिष, भीती किंवा खोटी स्तुती यांनी तो क्षणभर वळेलही. परंतु फसविलेले मन टिकत नाही. प्रभू येशू दार फोडीत नाही; तो दाराशी उभा राहून ठोठावतो. कडी आतल्या माणसानेच काढायची असते.