बंद खात्याच्या गोष्टी, भाग 7 : मालकाला न दिसणारं पान

अपिलाचा अर्ज कसा लिहायचा, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मधेच देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांचा फोन आला आणि लक्षात आलं, की अर्जाच्या आधीची पायरी मी फार घाईत उरकली होती. खातं कशामुळे गेलं हेच ठाऊक नसेल, तर अर्जात लिहिणार काय?

त्यांची हकीकत अशी. घरचा हापूस पेटीने थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतात. मार्च उजाडला की गूगलवर जाहिरात सुरू, मे संपला की बंद, असं चार वर्षं सुरळीत चाललेलं. यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खातं निलंबित. कारण दिलं होतं, वेबसाइटशी कुणीतरी छेडछाड केलेली आहे. हंगामाचा जेमतेम दीड महिना उरलेला, त्यात आंबा काही थांबत नाही. म्हणून भाच्याने त्याच रात्री मामींच्या नावाने नवं जीमेल काढलं, दुसरं खातं उघडलं आणि तीच वेबसाइट, तेच कार्ड लावून जाहिरात सोडली. सकाळी तेही बंद. या खेपेचं कारण वेगळं होतं : यंत्रणेला चकवण्याचा प्रयत्न.

"पण सर, साइट अगदी व्यवस्थित उघडते. मी स्वतः रोज बघतो."

हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय, की आजचा अख्खा भाग त्याच्यावरच खर्च करतो.

मी त्यांना म्हटलं, घरचं वायफाय बंद करा आणि मोबाइलचा डेटा चालू करा. ब्राउझर इन्कॉग्निटोत उघडा. साइटचा पत्ता टाइप करू नका. गूगलवर तुमच्या बागेचं नाव शोधा आणि जो निकाल येईल त्यावर बोट ठेवा. फोनवर दोन क्षण शांतता. मग बाजूला बसलेल्या भाच्याला उद्देशून, "अरे, ह्यां काय?" आंब्याच्या पेट्यांऐवजी पत्त्यांच्या जुगाराची साइट उघडली होती.

मालक घरात असला की सोज्वळपणे पुस्तक घेऊन बसणारा भाडेकरू असतो, तसा हा प्रकार. चोराने साइटमध्ये चार ओळींचा कोड घुसवलेला असतो. तो येणाऱ्या प्रत्येकाला आधी निरखतो. हा गूगलवरून आलाय का? मोबाइलवर आहे का? साइटच्या अ‍ॅडमिनमध्ये लॉगिन केल्याची कुकी याच्याकडे आहे का? मालक बहुधा पत्ता टाइप करून, संगणकावरून, लॉगिन केलेल्या ब्राउझरमधून येतो. त्याला जसंच्या तसं पान दाखवायचं. गूगलवरून मोबाइलवर आलेल्या पाहुण्याला मात्र मागच्या दाराने जुगाराच्या अड्ड्यावर. काही कोड तर एका पाहुण्याला एकदाच पळवतात. दुसऱ्यांदा तपासायला जाल तर सगळं आलबेल. म्हणून तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकालाच आपण वेड्यात काढतो.

आता हेच गूगलच्या बाजूने बघा. तपासणाऱ्या बॉटला एक पान दिसतं, माणसाला दुसरं. जाहिरातीच्या धंद्यात याला क्लोकिंग म्हणतात आणि ते भामटेगिरीचं जुनं हत्यार आहे. तुमच्या साइटवर चोर शिरलाय की तुम्हीच चोर आहात, हे बाहेरून सारखंच दिसू शकतं.

तरीही छेडछाड झालेल्या साइटला गूगल लगेच कुलूप लावत नाही. आधी इशारा येतो आणि निलंबनापूर्वी किमान 7 दिवस मिळतात. बागायतदारांनाही ते मिळाले होते. फक्त इशाऱ्याचं पत्र गेलं साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या जीमेलवर, कारण चार वर्षांपूर्वी खातं त्यानेच उघडून दिलं होतं. तो आता बंगळूरला नोकरी करतो आणि तो इनबॉक्स उघडतही नाही. खात्याची मालकी कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा, असं तिसऱ्या भागात मी कानीकपाळी ओरडलो होतो. असो.

खरा घात झाला तो दुसऱ्या खात्याने. निलंबनानंतर नवं खातं काढणं हा गूगलच्या नियमांत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो त्या मोजक्या गुन्ह्यांपैकी आहे ज्यांना 7 दिवसही मिळत नाहीत, इशाराही नाही. पहिलं प्रकरण साइट धुऊन-पुसून मिटण्यासारखं होतं. दुसऱ्याने मामी, भाचा, कार्ड आणि साइट सगळे एकाच माळेत ओवले गेले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हा शहाणपणा मलाही फुकट मिळालेला नाही. एका क्लासवाल्यांचं खातं बंद पडल्यावर मीही माझ्या नावाने दुसरं उघडलं होतं आणि माझ्याकडच्या दुसऱ्या चार गिऱ्हाइकांची चांगली चाललेली खाती त्यात गमावली. त्या चौघांना केलेले फोन अजून आठवतात.

"पण कुणी माणूस बघत नाही का हो?" असं त्यांनी विचारलं. आकडा ऐका. 2023 मध्ये गूगलने जगभरात जाहिरातदारांची 1 कोटी 27 लाख खाती निलंबित केली होती. 2024 मध्ये तो आकडा 3 कोटी 92 लाखांवर गेला. त्यातली 29 लाख भारतातली. बहुतेक खाती तर एकही जाहिरात झळकण्याआधीच बंद झाली. हा चाळणीचा वेग माणसाचा नाही. रात्री अकराला उघडलेलं मामींचं खातं सकाळी सातला गेलं, यात कुणाचा राग नव्हता आणि कुणाचं दुर्लक्षही नव्हतं.

बॉटचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण घेतो, मला या प्राण्याबद्दल फार जिव्हाळा आहे. जाहिरातीची पानं तपासणारा बॉट वेगळा आहे, त्याचं नाव अ‍ॅड्सबॉट. साइटच्या रोबॉट्स फाइलमध्ये 'सर्व बॉटना मज्जाव' असं लिहिलं, तरी हा ते स्वतःला लागू धरत नाही. त्याला अडवायचं तर नाव घेऊन अडवावं लागतं. आपले होस्टिंगवाले मात्र उत्साहाच्या भरात फायरवॉल लावून 'भारताबाहेरून आलेल्यांना प्रवेश नाही' करून ठेवतात. गूगलचे बॉट बरेचदा अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतात. त्यांना दार बंद दिसतं आणि जाहिरात नामंजूर होते, 'पान चालत नाही' म्हणून. एका डॉक्टरांच्या साइटवर हे कोडं सुटायला मला तीन आठवडे लागले होते. त्यावर कधीतरी वेगळा भाग लिहीन.

तर साइट धुण्याचं काम. गेल्या वर्षी भाच्याने 'प्रीमियम थीम फुकट' अशा एका ठिकाणाहून वर्डप्रेसची थीम उतरवून लावली होती. चोर त्याच पोत्यातून आला. आम्ही थीम काढली, कोड पुसला, आणि दुसऱ्या दिवशी तो परत हजर. असं झालं की समजावं, चोराने जाताना किल्ली करून घेतलीय. एक किल्ली सापडली म्यू-प्लगइन्स या फोल्डरमध्ये. यातली प्लगइन नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. दुसरी होती एक अनोळखी अ‍ॅडमिन, आणि तिसरी होस्टिंगच्या क्रॉनमध्ये लावलेला गजर, दर तासाला कोड नव्याने आणून ठेवणारा. तिन्ही काढल्या, सगळे पासवर्ड बदलले, वर्डप्रेस नव्याने बसवलं.

एवढं झाल्यावरही "मला नीट दिसतंय" यावर थांबायचं नाही. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये यूआरएल तपासणीची सोय आहे. तिथे लाइव्ह चाचणी घेतली की गूगलला आत्ता कोणतं पान मिळतं ते त्याच्याच डोळ्यांनी बघता येतं. शेजारीच सुरक्षेचा अहवाल असतो, तोही कोरा हवा. शिवाय साइटच्या नावाआधी इंग्रजीत 'site:' टाकून शोध घ्या. बागायतदारांच्या साइटवर तेरा पानं होती. शोधात शेकडो निघाली, बहुतेक जपानी लिपीतली. नकली घड्याळं आणि हँडबॅगा. ती सगळी पानं काढून टाकल्यावरच मी अर्जाला हात घातला.

अर्ज एकच केला, पहिल्या खात्यासाठी. मामींचं खातं आधी रीतसर बंद केलं आणि ते कुणी, कधी, का उघडलं ते अर्जात सरळ लिहून टाकलं. भाच्याला ते फार झोंबलं. त्याचं म्हणणं, तो विषय काढायचाच कशाला? पण ज्याने दोन्ही खाती एकत्र बांधली त्याच्यापासून लपवणार काय? तो अर्ज त्यांच्या परवानगीने पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा देतो, भाच्याने खोडलेल्या ओळींसकट.

खातं सुरू झालं मेच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर पावसाचं वातावरण धरलं होतं आणि उरलेली बाग त्यांनी कॅनिंगला देऊन टाकली होती. सध्या त्या खात्यावरून आमरसाच्या डब्यांची जाहिरात चालू आहे. ती भाचाच बघतो. इशाऱ्याची पत्रं आता मामींच्या मोबाइलवर येतात.