काशाच्या खडकापासून मिऱ्या बंदरापर्यंत

पिंपरीत संत तुकाराम नगराला लागून असलेल्या वल्लभनगर स्थानकातून कोकणच्या एसट्या सुटतात. धड रस्ते नव्हते तेव्हा चाकरमान्याला गावी पोचवायची ती आगबोट, आणि बोटींनाही संतांची नावे असत. त्यातली 'तुकाराम' 11 नोव्हेंबर 1927 रोजी वादळात बुडाली. त्याच दिवशी 'जयंती'ही गेली. 'तुकाराम'वरच्या 143 जणांपैकी 96 वाचले. 'जयंती'वर 96 जण होते, त्यांतला एकही परतला नाही.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या शांत होतो, ही किनाऱ्याची श्रद्धा. पण अरबी समुद्रातली बहुतेक चक्रीवादळे पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे उठतात. कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' बोट, म्हणजे गुजरातची 'वीजळी', बेपत्ता झाली तीही 1888 च्या नोव्हेंबरातच.

खडक तर सगळ्या तांडेलांना ठाऊक होते. 1840 च्या जूनमध्ये 'लॉर्ड कॅसलरे' आणि 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' ही दोन जहाजे मुंबईच्या तोंडाशी फुटली. पुढे 1867 मध्ये खांदेरीवर आणि 1875 मध्ये कुलाब्यापुढच्या प्राँग्ज खडकावर दीपगृह उभे राहिले.

गोव्यात मुरगाव परिसरातल्या सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात असा तो ऐवज. जवळच सेंट जॉर्ज खडकापाशी बासेल मिशनची कौले पाण्याखाली पडून आहेत. आफ्रिका, चीन आणि मलबार, तिन्हींचा माल एकाच बंदराच्या उंबरठ्यावर बुडालेला.

मराठी मनात मात्र घर करून आहे ती 'रामदास'. 17 जुलै 1947, गटारीचा दिवस. ऐन आषाढात, सकाळी आठच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट माणसांनी खच्चून भरली होती. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट एका अंगाला कलली. घाबरलेली माणसे दुसऱ्या बाजूला धावली आणि त्या भारानेच ती उलटली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, जीवरक्षक साधनेही अपुरी होती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी ती समुद्रात ओतून दिली आणि बुडणाऱ्यांना होड्यांत ओढून घेतले. मुंबईला बातमी कळली ती दुपारी, पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्यांकडून. सहाशेहून अधिक माणसे गेली.

यंत्रे आली, उपग्रह आले. अपघात थांबले नाहीत. 7 ऑगस्ट 2010 रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे मुंबई बंदराबाहेर एकमेकांवर आदळली. कंटेनर आणि तेल समुद्रात गेले. पुढच्याच वर्षी ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' जहाज तरंगत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने 'बसरा स्टार' हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर आणून टाकले आणि ते तिथेच गंजत पडले.

तौक्ते वादळाचा इशारा 2021 च्या मे महिन्यात काही दिवस आधी मिळाला होता. तरी 261 जणांचा पी-305 बार्ज बंदरात न परतता तेलक्षेत्रातच नांगरून राहिला. नांगर तुटले, बार्ज भरकटून तेलाच्या फलाटावर आदळला आणि 17 मे रोजी बुडाला. 'वरप्रदा' टगवरचे धरून ऐंशीहून अधिक बळी गेले.

या सगळ्या यादीत खडकाने घेतलेले जीव थोडे. 'निघू या, काही होत नाही' आणि 'थांबू या, काही होत नाही' या दोन निर्णयांनी घेतलेले कितीतरी जास्त. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा ना वादळ होते ना खडक. त्यानंतर गेटवेच्या लाँचमध्ये लाइफ जॅकेटची सक्ती झाली. दिवाळीच्या सुटीत अलिबागला जाणाऱ्यांनी ते सीटखाली न ठेवता अंगात घालावे, आणि लाँच जास्त भरलेली दिसली तर सरळ पुढची पकडावी.