अमर्याद रजा : मुलांनी काय विचारून घ्यावे?

तिगावातून पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेलेली काही मुले पोळ्याला घरी आली की सांगतात, "आमच्याकडे रजेला मर्यादाच नाही." घरातल्या आजारपणात अशी रजा खरोखर उपयोगी पडते. पण आम्ही बँकेत रजेचा हिशेब पाहिलेला, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, मोजलेली रजा जमा होते. बँकेत 11 दिवसांच्या कामामागे एक दिवस हक्काची रजा मिळे. शिल्लक रजेचे, 240 दिवसांपर्यंत, पैसे निवृत्तीच्या वेळी हाती येत. अमर्याद रजेत शिल्लक हा प्रकारच बहुधा नसतो, म्हणून नोकरी सोडताना त्याचे पैसेही नाहीत.

दुसरी, आकडा नसला की मागायला संकोच वाटतो. साहेबच रजा घेत नाहीत, मग आपण कशी मागायची? उलट, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जोखमीच्या जागेवरील बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस सक्तीची रजा द्यावी लागते. हेतू गैरव्यवहार रोखण्याचा. पण तेवढे दिवस माणूस नसला तरी बँक चालते, हेही त्यातून कळते.

तेव्हा नेमणूकपत्रावर सही करण्याआधी मुलांनी विचारावे : किमान रजा किती? गेल्या वर्षी लोकांनी प्रत्यक्षात किती घेतली? उत्तर लेखी मिळाले तर उत्तम.