नेफेश, रूआह, हय्यिम: बायबलमधल्या ‘जीवना’विषयीचे गैरसमज

भिवंडी तालुक्यातलं दापोडे आज गोदामांसाठी ओळखलं जातं. तिथून खाडी ओलांडली की ठाणे. ठाण्यात ‘शआर हाशामाइम’, म्हणजे ‘स्वर्गाचं दार’, या नावाचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे. तिथे प्रार्थना हिब्रूत होते आणि ती म्हणणाऱ्या बेने इस्रायली यहुदी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची बोली मराठी आहे. खाडीच्या दुसऱ्या अंगाला, वसईच्या पट्ट्यात, मराठी ख्रिस्ती समाज तेच हिब्रू ग्रंथ ‘जुना करार’ म्हणून वाचतो. इतकं जवळ असूनही या ग्रंथांत ‘जीवन’ म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ते दूर व्हायला हवेत, कारण माणसाकडे पाहण्याची एक वेगळी आणि मोलाची दृष्टी त्यांच्याखाली दबून जाते.

गैरसमज १ : हिब्रू शब्दांशी मराठीचा संबंध आला तो फक्त इंग्रजीमार्फत.

वस्तुस्थिती : बेने इस्रायल समाज कित्येक शतकं कोकणात राहत आला. तेल गाळणं हा त्यांचा मुख्य धंदा होता. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मिशनरी जॉन विल्सन यांनी याच समाजासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरवलं. हे काम त्यांनी १९२२ मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत चालवलं.

जीवनाचा हिब्रू शब्द तर कोकणी माणसांच्या नावातही आहे. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे आणि १८७५ साली मुंबईत त्यांच्यासाठी शाळा काढणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांचं आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून आलं. ‘हाईम’ म्हणजे हिब्रूतला हय्यिम, जीवन. मुंबईत उमरखाडीतल्या ‘एत्स हाईम’ प्रार्थनालयाचं नाव म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातला जीवनवृक्ष.

गैरसमज २ : मूळ ग्रंथात ‘जीवना’साठी एकच शब्द आहे.

वस्तुस्थिती : निदान चार शब्द सतत भेटतात. हय्यिम म्हणजे जगणं, आयुष्य. नेफेश म्हणजे जीव, जितंजागतं माणूस किंवा प्राणी. रूआह म्हणजे वारा, श्वास, अंगातली उमेद. नेशामा म्हणजे नाकातोंडातला श्वास. उत्पत्ती २:७ मध्ये यांतले तीन एकत्र येतात. देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत हय्यिमची नेशामा फुंकतो आणि माणूस जिवंत नेफेश होतो. इथलं क्रियापद नीट पाहायला हवं. माणसाला नेफेश मिळाली असं वाक्य नाही. माती आणि श्वास मिळून अख्खा माणूसच नेफेश झाला, असं ते सांगतं.

गैरसमज ३ : नेफेश म्हणजे देहात राहणारा अमर आत्मा.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत जास्त पसरलेला गैरसमज, आणि तो दोन वाटांनी आला. इसवी सनापूर्वीच्या शतकांत हिब्रू ग्रंथांचा ग्रीक अनुवाद झाला, तेव्हा नेफेशच्या जागी ‘प्सुखे’ हा शब्द आला. ग्रीक तत्त्वज्ञानात देहापासून सुटणाऱ्या अमर आत्म्याला हाच शब्द वापरत. दुसरी वाट आपली. ‘आत्मा’ म्हटलं की मराठी वाचकाला गीतेतला न मरणारा, न जळणारा आत्मा आठवतो. दोन्ही विचार आपापल्या जागी थोर आहेत, पण नेफेश या शब्दाचा तो अर्थ नाही.

नेफेश हिब्रू बायबलमध्ये सुमारे साडेसातशे वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी अगदी शारीर अर्थाने. तिला भूक लागते, तहान लागते, ती तृप्त होते. स्तोत्र ६९ मध्ये पाणी ‘नेफेशपर्यंत’ चढतं, म्हणजे गळ्यापर्यंत. यशया ५:१४ मध्ये मृतलोक आपली नेफेश रुंद करतो, म्हणजे घसा. श्वास आणि घास जिथून आत जातात ती जागा, आणि तिच्यावरून सगळं जगणं, असा हा अर्थांचा प्रवास आहे. आपणही संकटात प्राण कंठाशी आले म्हणतो.

याकोबाचं कुटुंब मिसरात गेलं तेव्हा मोजदाद झाली ती सत्तर नेफेशची (उत्पत्ती ४६:२७), म्हणजे सत्तर जीव. ‘जिवाबद्दल जीव’ या नियमातही (निर्गम २१:२३) नेफेशच आहे. गणना ६:६ मध्ये नाजीर व्रत घेतलेल्याने मृत नेफेशजवळ जाऊ नये असं सांगितलं आहे, आणि तिथे अर्थ सरळ प्रेत असा आहे. अमर आत्मा हा अर्थ धरला तर ही वाक्यं लागतच नाहीत.

यावर एक रास्त शंका निघते. १ राजे १७ मध्ये एलिया या संदेष्ट्याच्या विनवणीवरून सारफथच्या विधवेच्या मुलाची नेफेश परत येते. याकोबाची बायको राहेल मरते तेव्हाही तिची नेफेश निघून जाते. मग नेफेश देहाहून वेगळी नाही का? मराठी माणूस ‘त्याचा जीव गेला’, ‘जिवात जीव आला’ असं रोज बोलतो. त्यातून तो आत्म्याचा सिद्धांत मांडत नसतो, मरण आणि जगणं सांगत असतो. हिब्रू कथाकारही तेच करतो. हाच एलिया बेने इस्रायलांचा एलियाहू हन्नाबी. मलिदा नावाच्या त्यांच्या विधीत त्याचं स्मरण होतं आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याची जागा मानली जाते.

गैरसमज ४ : नेफेश फक्त माणसाला, जनावरांना नाही.

वस्तुस्थिती : उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात मासे, पक्षी, गुरंढोरं यांना ‘जिवंत नेफेश’ म्हटलं आहे, माणूस निर्माण होण्याच्या आधी. जलप्रलयात बुडालेल्या सगळ्या प्राण्यांच्या नाकपुड्यांतही तोच जीवनाचा श्वास होता (उत्पत्ती ७:२२). माणसाचं वेगळेपण उत्पत्ती १:२७ सांगतं, ते देवाच्या प्रतिरूपात घडण्याचं. नेफेश मात्र सर्वांना समान.

याचे परिणाम थेट स्वयंपाकघरात आणि घाण्यावर दिसतात. लेवीय १७:११ सांगतं की देहाची नेफेश रक्तात असते. म्हणून यहुदी घरांत रक्त खात नाहीत, मांस मीठ लावून रक्त निथळवूनच शिजवतात. आणि शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचं, एक कारण निर्गम २३:१२ मध्ये दिलं आहे, ते म्हणजे बैलाला आणि गाढवाला विश्रांती मिळावी, दासीच्या मुलाने आणि परक्याने दम घ्यावा. ‘दम घ्यावा’ याचं हिब्रू क्रियापद नेफेशच्याच धातूवरून आलं आहे. निर्गम ३१:१७ मध्ये तेच क्रियापद खुद्द देवासाठी वापरलं आहे. शनिवारी कोकणातला घाणा थांबत होता, तेव्हा घाण्याचा बैलही या आज्ञेच्या छायेत होता. शब्बाथ हे कोरडं कर्मकांड आहे असं मानणाऱ्यांनी हे वचन जरूर वाचावं.

गैरसमज ५ : रूआह म्हणजे नेहमी पवित्र आत्मा, नाहीतर भूतपिशाच.

वस्तुस्थिती : रूआहचा पहिला अर्थ वारा. समुद्र मागे सारणारा पूर्वेचा वारा रूआहच (निर्गम १४:२१). एदेन बागेतली दिवस कलतानाची झुळूकही रूआह. योसेफ जिवंत असल्याचं कळल्यावर म्हाताऱ्या याकोबाची रूआह पुन्हा उभी राहते (उत्पत्ती ४५:२७). मराठीत सांगायचं तर त्याला उमेद आली. यहेज्केल ३७ मध्ये वाळलेल्या हाडांत जी रूआह शिरते, तिला चारी दिशांच्या वाऱ्यांतून बोलावलं जातं. तिथे वारा, श्वास आणि देवाची शक्ती हे तिन्ही अर्थ एकत्र चालतात. देवाची रूआह हा अर्थ अर्थातच आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण कुठे कोणता अर्थ, हे संदर्भावरूनच ठरतं.

गैरसमज ६ : ‘हय्यिम’ अनेकवचनी आहे, म्हणून बायबलमध्ये पुनर्जन्म आहे.

वस्तुस्थिती : हय्यिमचं रूप अनेकवचनी आहे हे खरं. पण हिब्रूत पाण्याचा ‘मायिम’, तोंडाचा ‘पानिम’ आणि आकाशाचा ‘शामायिम’ हे शब्दही तसेच चालतात. त्यावरून कुणी अनेक तोंडं मोजत नाही. हय्यिम म्हणजे जगण्याची अवस्था, तीही ताजी आणि वाहती. म्हणून झऱ्याच्या पाण्याला ‘मायिम हय्यिम’, जिवंत पाणी, म्हणतात. आपल्याकडे विहिरीला जिवंत झरा लागतो, तसंच. अनुवाद या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मोशे लोकांसमोर जीवन आणि मरण ठेवून जीवन निवडायला सांगतो, तेव्हा तो देवावर प्रेम करून या भूमीत, मुलाबाळांसह नीट जगण्याबद्दल बोलत असतो.

गैरसमज ७ : हिब्रू बायबलमध्ये ‘सार्वकालिक जीवन’ पानोपानी आहे.

वस्तुस्थिती : नव्या करारात ही कल्पना ठळक आहे. हिब्रू ग्रंथांत मात्र ‘सार्वकालिक जीवन’ हा शब्दप्रयोग एकदाच येतो, दानीएल १२:२ मध्ये, आणि तोही मातीत निजलेले जागे होतील या संदर्भात. म्हणजे तिथली आशा देह टाकून सुटण्याची नसून पुन्हा जिवंत उठण्याची आहे. पुढे यहुदी परंपरेने हा विश्वास नित्य प्रार्थनेत घेतला आणि मृतांना जिवंत करणारा म्हणून देवाची स्तुती केली. ख्रिस्ती श्रद्धेचं पुनरुत्थानही याच मुळावर उभं आहे. यहुदी थडग्यांवर पाच हिब्रू अक्षरं कोरलेली असतात. ज्या प्रार्थनेची ती आद्याक्षरं आहेत, ती १ शमुवेल २५:२९ वरून आलेली आहे. मृताचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, असं ती मागते. दफनभूमीलाही यहुदी लोक ‘जीवनाचं घर’ म्हणतात.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हिब्रू बायबल माणसाचे देह आणि आत्मा असे दोन तुकडे करत नाही. भुकेला, दमलेला, धापा टाकणारा, आनंदाने गाणारा अख्खा माणूस देवासमोर उभा असतो. त्यामुळे मजुराची विश्रांती, परक्याची व्यथा आणि बैलाची थकावट हेही तिथे धर्माचेच विषय ठरतात.

मराठी वाचकाला यासाठी हिब्रू पंडित होण्याची गरज नाही. जुना करार वाचताना ‘आत्मा’ किंवा ‘जीवन’ हा शब्द आला की क्षणभर थांबा. इथे जीव म्हणायचंय, श्वास, वारा की आयुष्य, हे मागचापुढचा मजकूर पाहून ठरवा. जमल्यास दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. रमाबाईंचं मिळालं तर उत्तमच. आणि ‘जीव’ या आपल्या साध्या शब्दावर भरवसा ठेवा. नेफेशच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द तोच आहे.